दोन नावांचं कुत्रं

माझं म्हायेर करमाळ्याकडचं. काळी रानं, ज्वारी, घरात माणसं लई आन जनावरं त्याहून लई, असं आमचं घर. लगीन झालं आन मी सोलापूरला आले. आमचं मालक कापडाच्या गिरणीत हुते, साच्यावर, म्हणजे मागावर. आन काय सांगू तुमाला, पयल्या दिवशी गिरणीचा भोंगा वाजला तवा मला वाटलं कुटंतरी म्हैस अडलीया, तीच वरडतीया, मी चुलीपुढनं उठून बगायला निगाले तर सासू पोट धरून हसली, म्हणली अगं येडे, तो भोंगा हाय, आता जल्मभर ऐकायचाय तुला. तिचं खरं झालं. सासू गेली, मंग मालक गेले, कापसाची धूळ छातीत बसली हुती त्यांच्या, खोकून खोकून गेले, पण भोंगा काय थांबला न्हाय. एक लेक झाली, ती नातेपुत्याला दिली. लेक म्हणायची आई तू आमच्यात येऊन ऱ्हा, पण लेकीच्या दारात किती दिस ऱ्हावं माणसानं, व्हय की न्हाय? मंग आमच्या शेजारच्या लक्ष्मीअक्कानं मला इड्या वळायला शिकवलं. ती तेलंगी, तिचा हात असा चालायचा की बगतच ऱ्हावं. मला लवकर जमलं न्हाय, माझी इडी गरोदर बाईवानी मधीच फुगायची, अक्का हसायची, पण शिकवलं तिनं. सूप मांडीवर घ्यायचं, पानं कातरायची, तंबाकू भरायची, वळायचं, दोरा गुंडाळायचा. सांजच्याला कारखान्यात द्यायचं. झालं. त्यात माझं आयुष्य बसलं.

आता तुमी कुत्र्याचं इचारलं. कुत्र्याचं सांगायचं तर आदी गाईचं सांगावं लागंल, कारण गाय न्हसती तर मी पांजरपोळात गेलेच न्हसते.

बहात्तरचा दुष्काळ तुमी बगितला असंल. न्हाय? मंग तुमी ल्हान असाल तवा. झाडाला पाला न्हवता, माणसं बाभळीच्या शेंगा झोडून जनावरास्नी घालायची. माझा भाऊ एक दिवशी दारात हुबा ऱ्हायला, चारा पोचवून मोकळा परत येणाऱ्या ट्रकमधनं आमची गाय घेऊन. ती गाय माझ्या आईच्या हातची. भाऊ म्हणला, ताई, खाटकाला द्यायला हात धजना, हितं पांजरपोळ हाय म्हणत्यात, तितं ठिवू, तू जाऊन बगत जा. आमी दोगं तिला चालवत गावाबाहेर पांजरपोळात घेऊन गेलो. भाऊ येताना सारखं मागं बगत हुता. मग मी जायची, इड्या देऊन झाल्या की पायी जायची. कंदी ज्वारीचा मूठभर कोंडा, कंदी नुसतंच हात फिरवायला. पण तिचं दिस भरलं हुतं. हाडं वर आली आन एक दिवशी ती बसली ती उठलीच न्हाय. तिचं डोकं माझ्या मांडीवर हुतं. मला आई परत मेल्यावानी झालं.

तितला जो राखण्या हुता तो शिवाप्पा, अक्कलकोटाकडचा, कानडी माणूस, निम्मं मराठी निम्मं कानडी बोलायचा, मला अव्वा म्हणजे आई म्हणायचा, माझ्याहून थोरलाच असंल खरं तर. त्यानं मला पाणी आणून दिलं. मी पाणी प्याले आन तवा मला फाटकाजवळचं ते कुत्रं दिसलं.

काळं, छातीवर तांबूस, केस झिपरं, हाडाचा सापळा. गळ्याभवती केस झडलेलं, धनगर लांडग्यासाटी कुत्र्याला काट्याचा पट्टा घालत्यात की, त्याचा वण. फाटकाकडं तोंड करून बसलेलं. पुढं भाकरीचा तुकडा तसाच, मुंग्या लागलेल्या. मी इचारलं, आप्पा, हे खात का न्हाय? शिवाप्पा म्हणला, मंगळवेढ्याकडचा धनगर सोडून गेलाय अव्वा. त्याची मेंढरं मेली, ऱ्हायलेली इकली, बायको पोर घिऊन खडी फोडाय चालला हुता. म्हणला तितं माणसाला पाणी न्हाय, ह्याला कुटनं घालू. ह्याच्या डोक्यावर हात ठिवला आन म्हणला, दिला, चांगलं माणूस आलं तर द्या. आन गेला. नाव सुदा सांगायचं इसरला बग अव्वा, कुत्र्याचं बी आन सवताचं बी.

मी दुसऱ्या दिवशी परत गेले. गाय न्हवती, तरी गेले. कशापायी गेले इचाराल तर सांगता यायचं न्हाय. घरात बसवत न्हवतं. भाकरीचा काला करून नेला हुता ताकात, तो बोटानं त्याच्या तोंडाला लावला. चाटलं त्यानं. मी म्हणलं, आप्पा, हे मला द्या. तर शिवाप्पा काय म्हणावं? बेडा, बेडा म्हणला, कानडीत बेडा म्हणजे नको. मला राग आला. म्हणलं, मी काय चोर हाय व्हय? तो म्हणला, चोर न्हाईस, दुःखात हाईस. गाय मेली म्हणून कुत्रं मागतीस. दया दोन दिवस असती अव्वा, कुत्रं धा वरसं असतंय. लोक हसत नेत्यात आन मग कॅनॉलच्या कडंला सोडून येत्यात, ते कुत्रं परत हितं येतंय, न्हायतर येत न्हाय. तू आदी येत जा, बसत जा. त्याला तू पायजे का ते त्याला ठरवू दे.

मग मी जात ऱ्हायले. काय काय इचारायचा तो! खोली केवढी, घरमालक कोण, शेजारी कुरकुर करत्यात का, तू लेकीकडं गेलीस तर ह्याला कोण बगंल, तू आजारी पडलीस तर? मी म्हणलं, आप्पा, माझ्या लग्नात माझ्या बापानं एवढं इचारलं न्हवतं. तो हसला न्हाय. एक दिवशी आपला सवताच आला, माझी खोली बगितली, न्हाणी बगितली, लक्ष्मीअक्काच्या दारात जाऊन बसला. अक्का म्हणली, कुक्का? ह्या एवढ्याशा खोलीत कुत्रं? आन मग माझ्याकडं बगितलं तिनं. गाय गेल्यापासनं मी कसं जेवते ते तिला ठावं हुतं. म्हणली, गोदाबाई न्हसली तर मी घालीन भाकरी, लिवून घ्या. घरमालक कुरकुरला, पण अक्काच्या तोंडाला कोण लागणार. शिवाप्पानं जनावरांच्या डाक्टरकडनं त्याला सुई टोचून घेतली, मुन्शिपालटीचा बिल्ला काढाय लावला, कारण तवा मुन्शिपालटीची गाडी यायची आन बिनबिल्ल्याची कुत्री उचलून न्यायची, ती परत यायची न्हाईत. आन मंग दोरी माझ्या हातात दिली. म्हणला, जड झालं तर रस्त्यात सोडू नको, हितं आण. लाजू नको. मी म्हणलं, बरं.

मी त्याचं नाव सोन्या ठिवलं.

पयल्यांदा लई अवघड गेलं. दारात बसायचा, रस्त्याकडं तोंड करून. कुणी पटका बांधलेला गडी गेला की उठायचा, हुंगायचा, परत बसायचा. मला वाटायचं, आता ह्याला कसं सांगू, तुझा माणूस ह्यात न्हाय म्हणून. पण हळूहळू माझ्या पाठीला पाठ लावून बसाय लागला. मी इड्या वळायची आन तंबाकूनं त्याला शिंका यायच्या, एक शिंक आली की सवताच दचकायचा आन माझ्याकडं असा बगायचा की मीच शिंकले. मी हसायची. मालक गेल्यापासनं त्या खोलीत मी हसले न्हवते बगा. मी बोलाय लागले त्याच्यासंगं. आज पानं वाळकी दिली मेल्यांनी, आज लेकीचा निरोप आला, आज भाजी खारट झाली. नव्या पेठेत गेले तर संगं यायचा, त्या गर्दीत माझ्या पदराला नाक लावून चालायचा, कापडाच्या दुकानातली माणसं म्हणायची, मावशी, कुत्रं चांगलं शिकवलंय. मी म्हणायची, मी न्हाय शिकवलं. ज्यानं शिकवलं तो खडी फोडतोया.

आन एक गंमत. आमच्या गल्लीत पोरं लई. सांजच्याला खेळाय लागली की ह्याचं काय व्हायचं कुणास ठाव, उठायचा आन पोरांच्या भवती गोल फिराय लागायचा. एकादं लांब पळालं की मागनं जाऊन त्याच्या पायाला नाक लावून परत आणायचा. सगळी पोरं नळापाशी गोळा करायचा आन मंग बसायचा, जीभ भाईर काढून. पोरास्नी मजा वाटायची, मुद्दाम पळायची. अक्का म्हणायची, गोदाबाई, ह्यानं आपल्या पोरांची मेंढरं केली. सगळी हसायची, मी बी हसायची. पण पोरं घरी गेली, दारं लागली, की तो तितंच नळापाशी मोकळ्या जाग्याभवती एक फेरी मारायचा, कुणी ऱ्हायलंय का बगत. मेंढरं न्हवतीच. तरी बगायचा.

पाऊस झाला. पुढचं साल बरं गेलं. दिवाळी झाल्यावर, थंडी पडली हुती, मी दारात ऊन खात इड्या वळत बसले हुते, सोन्या पाठीला. तर शिवाप्पा येताना दिसला, संगं एक बाई आन एक ल्हान पोरगी. बाईच्या कपाळाला कुंकू न्हवतं. माझा हात थांबला. मला कुणी काय सांगायच्या आदी कळलं.

आन पोरीनं हाक मारली. झिप्र्या!

तुमाला सांगते, मी त्या कुत्र्याला कंदी तसं बगितलं न्हवतं. कान उभं ऱ्हायलं, अंग थरथराय लागलं, आन गळ्यातनं असा आवाज काढला की माणूसच रडतंय. पोरीवर गेला तो, पोरगी पडली, तिच्या तोंडावरनं जीभ, मग बाईच्या पायात लोळण, मग परत पोरगी, मग रस्त्यावर पळाला, त्यो पाक गल्लीच्या टोकापातूर जाऊन बगून आला. तिसऱ्याला हुडकाय गेला हुता. कोण न्हवतं. परत आला आन बाईच्या लुगड्याला हुंगत बसला.

तिचं नाव तानी. तिचा नवरा खडीवरच गेला. उन्हाचा झटका. सकाळी हातुडा घेऊन गेला आन दुपारला फडक्यात गुंडाळून आणला. तानी सांगत हुती आन तिच्या डोळ्यात टिपूस न्हवतं. म्हणली, दुसऱ्या दिवशी मी परत खडीवर गेले ओ मावशी, पोरीला काय घालणार. आता गावाकडं आलोय, दिराच्या घरात, थोडी शेरडं हाईत वाट्यानं. पांजरपोळात इचाराय गेले तर आप्पांनी सांगितलं झिप्र्या जित्ता हाय म्हणून, एकदा डोळ्यानं बगावं वाटलं. नेत न्हाय मी. तुमी लेकरावानी ठिवलाय, दिसतंय की. आमच्यात काय हाय.

शिवाप्पा मला बाजूला घिऊन म्हणला, अव्वा, त्यानं हात ठिवून दिला हुता, तू रीतीनं नेलंस, तुजा हाय. ती मागत न्हाय. तू काय बी म्हणू नको. मी घरात गेले. भाकरी थापाय बसले. दारातनं दिसत हुतं, पोरगी त्याच्या गळ्यातला बिल्ला हातात धरून त्याला काय तरी सांगत हुती, कानात. पोरीनं एकदा बी म्हणलं न्हाय, आई ह्याला न्यायचं. तिला शिकवून आणलं असंल आईनं, मागायचं न्हाय म्हणून. तेच मला सोसंना. मागितलं असतं तर मी न्हाय म्हणले असते, खरं सांगते, भांडले सुदा असते.

जेवायला बसलो. मी तानीला इचारलं, शेरडं कुटं नेतीस? म्हणली, माळावर. लांडगा हाय का? हाय की, दोन पिल्लं नेली. हे खाणार काय? ती म्हणली, आमी खाऊ ते. आन तुमाला न्हाय मिळालं तर? तिनं हातातला तुकडा परत ताटात ठिवला. मंग म्हणली, मावशी, एकदा सोडला तो. ते आमच्या तिघांच्या बी मनातनं गेलं न्हाय. आता उपाशी ऱ्हायचं तर संगं ऱ्हाऊ.

मी म्हणलं, घिऊन जा.

अक्का दारात हुबी हुती, ती चिडली. म्हणली, येडी का खुळी तू, तुला कोण हाय दुसरं?  तिला कसं सांगू. पोरं घरी गेल्यावर मोकळ्या जाग्याभवती फेरी मारणारं कुत्रं मी रोज बगत हुते, ती न्हवती बगत.

पण ते निघंना. तानी पुढं, पोरगी पुढं, आन हा मधी. चार पावलं तिकडं जायचा, परत माझ्याकडं यायचा. गल्लीतल्या बायांनी डोळं पुसलं. तवा तानीच म्हणली, मावशी, असं तोडून न्हाय न्यायचं. पयल्यांदा तसंच तुटलं की. तुमी चला संगं. ऱ्हावा थोडं दिस. शिवाप्पा म्हणला, शाणी हाय पोर. मग काय, बाजाराला आलेल्या त्यांच्या गावच्या बैलगाड्या परत निघाल्या हुत्या, त्यात बसले मी. सोन्या गाडीखालनं चालत आला, चाकाच्या सावलीनं. मधी मधी भाईर येऊन बगायचा, सगळी हाईत का.

तितं मी ऱ्हायले. तानीच्या दिराचं घर म्हणजे दगडाच्या भिंती आन वर पाचट, पण माणसं मायेची. मी तितं इड्याच्या पानावाचून हात मोकळं घिऊन बसायची, कसंतरीच वाटायचं. सकाळी तानी शेरडं सोडायची, आन हा शेरडांच्या वाडग्याच्या दारापातूर जायचा आन परत माझ्यापाशी. तानी त्याला हाक मारायची न्हाय, एकटीच जायची. दुसऱ्या दिवशी थोडा लांब गेला, बांधापातूर. मग एक दिवशी सकाळी एक पाट, तरणी शेळी, चुकून भलतीकडं पळाली. तानी वरडली. आन हा असा सुटला! वळसा घिऊन पाटीच्या पुढं गेला, तिला फिरवलं, कळपात आणलं, आन मंग कळपाच्या मागनं चालाय लागला, डोकं खाली, शेपूट सरळ. माळाच्या चढाला गेली सगळी. मी दारात हुबी हुते, डोळ्यावर हात धरून. मला वाटलं, आता मागं बगंल. आता बगंल. चढ संपला. त्यानं मागं बगितलं न्हाय.

मी पिशवी भरली. मी म्हणलं, गोदे, झालं तुझं काम.  तानीच्या जावंला म्हणलं, येते, आन यष्टी धरली.

घरी आल्यावर लई दिस पाठीला गार लागायचं. इड्या वळताना मी अशी मागं रेलायची आन मागं कोण न्हाय. शिवाप्पा म्हणला, अव्वा, दुसरं बग, हाईत हितं लई. मी म्हणलं, नको आप्पा. तो परत म्हणला न्हाय. पण मी जायची तितं, भाकरी घिऊन जायची, अजून जाते. शिवाप्पा आता न्हाय, त्याचा भाचा बगतो, तो बी बरा हाय.

तानीच्या गावाला मी वरसातनं एकदा जायची, बिरोबाच्या जत्रंला. मी यष्टीतनं उतरले की त्याला कळायचं. यायचा, पाठीला पाठ लावून बसायचा, जरा येळ. मग शेरडं हलली की उठायचा. मी त्याला सोन्या म्हणायची, ती झिप्र्या म्हणायची, दोन्ही नावाला यायचा. म्हातारा झाला मंग. दात गेलं. तानी भाकरी चावून घालायची त्याला, मी डोळ्यानं बगितलं.

गेल्या उन्हाळ्यात तिचा निरोप आला, मावशी या, त्यानं अन्न सोडलंय. मी गेले. यष्टी वाटंत बंद पडली, पोचले तर दिस मावळाय आला हुता, आन वाडग्याच्या कडंला ताजी माती. दगड रचल्यालं. तानी तितं बसली हुती. मला बगितलं आन ती रडाय लागली. अशी रडली की गाव गोळा झालं. लोक म्हणाय लागले, अगं कुत्र्यापायी एवढं? जाऊ म्हणली, येडी झाली ही. तानी माझ्या गळ्यात पडून म्हणाय लागली, मावशी, त्यास्नी मी फडक्यात बगितलं, तोंड सुदा नीट बगू दिलं न्हाय, आन दुसऱ्या दिवशी मी खडीवर गेले ओ, मी खडीवर गेले. तेच तेच म्हणत हुती. एवढी वरसं ते रडं कुटं ठिवलं हुतं तिनं कुणास ठाव. मी लोकास्नी म्हणलं, जावा तुमी आपापल्या घरी. तिला धरून बसले. तिची पोरगी, हिरा, आता लुगडं नेसती, ती पाणी घिऊन आली आन आमच्यापाशी बसली. अंधार पडला तरी आमी तिगी तितंच.

तर असं हाय. माझं डोळं आता अधू झाल्यात, इड्या वाकड्या हुत्यात, कारखान्यात परत देत्यात. लेक म्हणती ये. बगू. हिराचं लगीन ठरलंय, अक्षता टाकायला तानीनं मला मानानं बोलवलंय, हिराची आत्या म्हणून हुबं ऱ्हायचं म्हणली. एवढं करून येते, मंग पुढचं पुढं. पोरीचं कुंकू जल्मभर ऱ्हावं, दुसरं काय मागायचं देवापाशी. आन तुमी एवढ्या उन्हाचं आलासा, म्हातारीचं ऐकत बसलासा, तुमच्या बी घरातली सगळी सांजच्याला सुखरूप घरी येऊ द्यात.